कच्चे मडके

कुंभार मडके वाजवून पाहतो. भाजलेले खणखणते, कच्चे नुसते भद्द बोलते. फेरविचाराची जी कथा वारकरी परंपरेने जपली, तिची सुरुवात अशाच ठोक्याने होते. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून संत गोरोबाकाका कुंभार थापटणे घेऊन उठले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक ठोका देत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव (1270–1350) मात्र चिडले. विठ्ठल ज्याच्या हातचे जेवतो, त्याची परीक्षा कसली? निकाल लागला : हे मडके कच्चे.

गाऱ्हाणे घेऊन ते विठ्ठलाकडे गेले, तर त्यानेच त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडले. औंढा आणि नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे कयाधूकाठचे नरसी, दोन्ही आजच्या हिंगोली जिल्ह्यात. म्हणजे पंढरीचा लाडका शिकायला पुन्हा आपल्याच मुलखात आला.

देवळात विसोबा पिंडीवर पाय टाकून पडले होते. नामदेवांनी हटकले. देव नसेल तिथे माझे पाय तूच ठेव, असे उत्तर आले. नामदेव पाय उचलून नेतील तिथे पिंड उमटू लागली. देव पंढरीतच, हे त्यांचे मत तिथे सुटले.

या कथेतला गुरूही मत बदललेलाच, हे सहसा निसटते. आळंदीत ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करणारा, मुक्ताबाईंना मांड्यांसाठी खापर मिळू न देणारा विसोबा तो हाच. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून तो त्यांच्या उष्ट्यासाठी धावला. स्वतः असा मोडलेला माणूसच नामदेवांना भेटायला हवा होता.

‘कच्चे’ हा शब्द शिवीसारखा लागतो खरा. पण भाजून निघालेले मडके पाण्यात विरत नाही, फुटले तर त्याची खापरेच होतात. कच्च्याचा पुन्हा चिखल होतो आणि तो पुन्हा चाकावर चढतो. औंढ्याचे देऊळही असेच : खाली जुना कोरीव दगड, वर नंतरच्या जीर्णोद्धारातले शिखर, आणि दोहोंमधला सांधा उघड दिसणारा.

नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. पंढरपूरच्या महाद्वारी त्यांची समाधी मानली जाणारी पायरी आहे. मधल्या काळात ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. निराकाराचे गाणे गाणाऱ्या त्या पदांतही विठ्ठलाचे नाव येते, तिकडच्या उच्चारात ‘बीठल’ होऊन.