गंज

आमच्या वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात, हे आधीच सांगून ठेवते. पावसाळी रविवार म्हटलं की माझ्या कानात अजूनही सगळ्यात आधी वाजतो तो जर्मनच्या गंजात पडणाऱ्या थेंबाचा आवाज. घंटी, ढोलकी, फादरांचा जाडा स्वर हे सगळं त्याच्या मागून, रांगेनं, ओल्या पावलांनी यावं तसं येतं.

दारव्ह्याला आमचं घर टिनाचं होतं. वडील एसटीत. कॅथलिक म्हणावीत अशी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मिस्सा म्हणजे यवतमाळ आणि यवतमाळ म्हणजे पहाटेची गाडी. पण महिन्यातल्या एका रविवारी फादर स्वतःच जीप घेऊन यायचे आणि आमच्या पुढच्या खोलीचं देऊळ व्हायचं. आई शनिवारी रात्रीच खोली सारवून ठेवायची. सकाळी टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन मेणबत्त्या, तांब्यात तगरीची फुलं आणि मागे मतमाउलीची, म्हणजे मरियेची, तसबीर. आई श्रीरामपूर तालुक्यातली, हरेगावच्या बाजूची. सप्टेंबरातल्या मतमाउलीच्या यात्रेत टाळ-ढोलकीवर भजनं म्हणत वाढलेली. लाखभर माणसांच्या त्या गर्दीतून ती लग्न करून आली ती अशा गावी, जिथं क्रूसाची खूण करणारं माणूस बाजारात शोधावं लागे. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. फक्त फादर यायच्या रविवारी ती दुप्पट आवाजात गायची, एवढं मला आठवतं.

आणि जुलै-ऑगस्टात नेमका त्याच वेळी पाऊस यायचा. टिनावरचा पाऊस तुम्ही ऐकला असेल तर वेगळं सांगायला नको. शुभवर्तमान वाचताना फादरांचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द मधेच वाहून जायचे. मग छत गळायला लागायचं. गळायच्या जागा आईला पाठ होत्या. उपदेश चालू असतानाच ती हळूच उठायची, पदर सावरत स्वयंपाकघरात जायची आणि एक गंज दाराशी, एक वेदीच्या डाव्या अंगाला, परातीसारखं कोपर मधोमध असं ठेवून पुन्हा गुडघ्यांवर यायची. रिकाम्या भांड्यात पहिला थेंब टण्णकन पडायचा, मग पाणी साचत जाईल तसा आवाज खोल, मऊ, झोपाळू व्हायचा. विझलेल्या मेणबत्तीचा वास, ओल्या छत्र्यांचा, जीपच्या डिझेलचा, खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीच्या शेतातून येणारा काळ्या मातीचा वास, आणि कधीतरी दूर मोतीबाग स्टेशनाकडून शकुंतलेची लांबलेली शिट्टी. ती छोटी गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर मूर्तिजापूर-यवतमाळ करत होती. आता तीही धावत नाही, रुळांवर गवत आहे. मिस्सा संपली की गुळाचा चहा आणि मिरचीची भजी. जाताना फादर आईला म्हणायचे, ताई, पुढच्या महिन्यात येतो. गंजातलं पाणी आई तुळशीसारख्या जपलेल्या मोगऱ्याला घालायची, मोरीत कधी ओतायची नाही.

वडील गेल्यावर काही वर्षांनी, २००९ च्या नोव्हेंबरात, नागपूरहून निघालेल्या यात्रेकरूंसोबत मी तिला रोमला नेलं. रविवारी सगळी मंडळी दुपारच्या प्रार्थनेला पोप खिडकीत येतात म्हणून संत पेत्राच्या चौकात जायला पहाटेच निघाली. आईचा गुडघा सुजला होता, आम्ही दोघी मागे राहिलो. बाहेर संथ, गार, न थांबणारा पाऊस. आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे, दुखण्यासारखा मुरणारा. मला वाटलं, आज ती पडून राहील. पण तिनं पायाला पट्टी बांधली, साडीवर माझा स्वेटर चढवला आणि म्हणाली, ‘‘रोमला येऊन मिस्सा चुकवायची, असं कधी झालंय का?’’

टर्मिनी स्टेशनासमोरून ६४ नंबरची बस घेतली, आर्जेंतीना चौकात उतरलो. तिथं एक बांगलादेशी पोरगा छत्र्या विकत होता. आईनं त्याच्याशी दारव्ह्याच्या बाजारातल्या हिंदीत घासाघीस केली, पाचाची छत्री चार युरोला घेतली, आणि मग त्याची आई कुठं असते, हे विचारत पावसात उभी राहिली. ओल्या दगडी गल्लीत कॉफीचा आणि भाजलेल्या चेस्टनटचा वास होता. ती माझ्या दंडाला धरून चालत होती. तिच्या हाताचं ते वजन या दंडाला अजून ठाऊक आहे.

आम्ही गेलो पँथिऑनमध्ये. हेड्रियन बादशहाच्या काळातली ही वास्तू, सुमारे १९०० वर्षांची. ६०९ साली चौथे बोनिफास पोप असताना ती मरियेच्या आणि हुतात्म्यांच्या नावानं चर्च झाली, आणि रविवारी तिथं अजून मिस्सा होते. घुमट ४३ मीटर रुंद, लोखंडाच्या सळईशिवाय उभा, आणि माथ्यावर जवळजवळ नऊ मीटरचं गोल, उघडं भोक. वर काच नाही, काही नाही. त्यातून पाऊस आत येत होता. उंचावरून येता येता त्याचा धूर झाल्यासारखा, उजेडाच्या खांबात तरंगत, सावकाश येत होता आणि दोरी लावून मोकळ्या ठेवलेल्या फरशीवर उतरत होता. फरशी मध्यावर किंचित उंच आहे आणि तिच्यात पाणी जायला २२ बारीक छिद्रं आहेत.

आई वर बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘अगं, हितं कुणी गंज नाही का ठेवला?’’

मिस्सा इटालियनमध्ये होती. तिला त्यातलं आमेन आणि आलेलुया एवढंच कळत होतं, पण कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, हे तिच्या अंगालाच पाठ. उत्तरं ती मराठीत देत होती, मोठ्यानं, फादर यायच्या रविवारच्या त्या आवाजात. शांतीच्या वेळी शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं हात पुढे केला, आईनं सवयीनं नमस्कार केला. त्या बाईनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि तिनंही हात जोडले. दोघींची बोटं सांध्यांशी सारखीच वाकलेली होती. परमुलखात आहोत असं आईला त्या तासाभरात वाटलं नसावं. मला वाटत होतं, आणि मी तिच्याकडे बघत होते.

ती एका ऑगस्टात गेली. यवतमाळच्या दफनभूमीत पाऊस चालूच होता. काळी माती फावड्याला चिकटून येत होती, खड्ड्यात पाणी झिरपत होतं आणि लोकांच्या चपलांना पायलीपायलीची ढेकळं लागली होती. भजन कुणीतरी खालच्या पट्टीत सुरू केलं. वरच्या पट्टीत उचलून धरणारी ती एकटीच होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाणी साचत जाताना भांड्याचा बदलत जाणारा आवाज मी आता कुणाला विचारून पडताळू शकत नाही. तो ऐकलेली दुसरी माणसं उरली नाहीत. रोमचा तो रविवारही तसाच. फोटो एकही नाही. पावसामुळे कॅमेरा पिशवीतच राहिला होता.

गेल्या पावसाळ्यात दारव्ह्याला जाऊन आले. त्या घरात आता दुसरं बिऱ्हाड आहे. चांगली माणसं आहेत, त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. मी पुढच्या खोलीत बसले होते, बाहेर पाऊस होता. वर आता स्लॅब आहे. गळत नाही.