आषाढात दाखवलेलं घर

आमच्या वीर-दासगाव पट्ट्यात जुनं घर विकायला काढलं की ते दाखवायचा मोसम ठरलेला असतो. दसरा उलटला की. तोवर वाटेवरचा चिखल वाळतो, फुगलेले दरवाजे पुन्हा चौकटीत बसू लागतात, सावित्रीचं पाणी उतरलेलं असतं. मुंबई-पनवेलचं गिऱ्हाईक येतं, ओटीवर बसतं, माठातलं पाणी पितं आणि तिथेच अर्धं हरखून जातं. मध्यस्थाचा सल्लाही ठरलेला असतो: भिंतींना पांढरा रंग द्या, वाशांना ऑइलपेंट मारा, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी घासून माजघरात मांडा.

आमचं घर विकायचं ठरलं तेव्हा मी भावाला म्हटलं, दाखवायचं ते आषाढात. दाराशी पागोळ्या गळत असताना.

त्याला हा आडमुठेपणा वाटला. पण रायगडात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. इथलं घर म्हणजे पावसाशी केलेला करार आहे. तो कितपत पाळला जातो, हे माघातल्या उन्हात कुणाला कळणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातल्या कितीतरी घरांची कौलं उडाली. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्याआधी, जुलै २००५ मध्ये, दासगाव आणि जुईने तेच भोगलं होतं. इथे घर घेणाऱ्याने वरचा डोंगर आणि खालची नदी दोन्ही पाहावं, आणि ती दाखवायला विकणाऱ्याने सोबत जावं, असं मला मनापासून वाटतं. महाड परिसरात घर घ्यायचं तर पूररेषा विचारावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची.

कायदाही याच बाजूने बोलतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. मार्गशीर्षात कोरडं दिसणारं छप्पर गळतं, हे घेणाऱ्याने कसं ओळखावं?

म्हणून तयारी केली नाही असं नाही. उलट, भरपूर केली. वैशाखात कौलं शाकारून घेतली, फुटकी बदलली, पन्हळी साफ केल्या, विहिरीतला गाळ काढला, तुळशीवृंदावनाला चुना दिला. घर नीट करून माणसापुढे ठेवणं हा त्या घराचाही मान आहे. पण मधल्या भालाला वाळवी लागली होती, तिच्यावर रंग चढू दिला नाही. खोड पोखरलेलं तसंच दिसू दिलं आणि सुताराने सांगितलेला खर्च कागदावर लिहून ठेवला.

कागदांची तयारी याहून अवघड गेली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घरपट्टी आमच्या नावाने आहे, पण तो मालकीचा पुरावा नव्हे. मागचं परडं सातबारावर आहे आणि तिथे वारस म्हणून आत्यांचीही नावं आहेत. एका आत्याने फोनवर विचारलं, "विकताय, तर मला विचारलंत का रे?" तिचा प्रश्न रास्त होता. तिचं बालपण याच माजघरात गेलं. तिच्या सहीवाचून घर दाखवणं म्हणजे दुसऱ्याचा हिस्सा मांडून बसणं. सगळ्यांची संमती हातात आल्यावरच पहिल्या गिऱ्हाइकाला होकार दिला. शिवाय परडं शेतजमीन आहे, ती १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही. हेही फोनवरच सांगून टाकलं.

मध्यस्थ स्टेशनाची थोरवी आधी सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्येच सुरू झाला, सगळी रेल्वे पुरी व्हायच्या कितीतरी आधी. २०२१ पासून इथवर दुहेरी मार्ग आहे. पण बऱ्याच एक्स्प्रेस इथे थांबत नाहीत, आणि रात्री त्या गेल्या की आमच्या खिडक्यांची तावदानं हलतात. त्यामुळे पाहायला येणाऱ्यांना मी मुक्कामाचाच आग्रह करतो.

पनवेलचं एक जोडपं राहिलं. बाईंनी पडवीत उभं राहून विचारलं, "काका, गळतं का?" मी म्हटलं, "गळतं. देवघराच्या कोपऱ्यात, आणि जोराचा वारा असला की माळ्यावर." त्यांनी दोन्ही जागा पाहिल्या, मग स्वयंपाकघराच्या मागे पाणी कुठून वाहून जातं ते छत्री घेऊन बांधापर्यंत जाऊन पाहिलं. नवरा भालाखाली बराच वेळ उभा होता. आठवड्याने फोन आला. भाल आणि छपराचा खर्च वजा करून त्यांनी आकडा सांगितला होता. भावाला तो कमी वाटतो. मला नाही वाटत. सुताराच्या कागदावर जवळपास तेवढीच रक्कम आहे. आत्याला कळवलं आहे, तिचं उत्तर यायचं आहे.