नळीच्या बुडाशी

जुनी पंप अ‍ॅक्शन शॉटगन अमेरिकेतल्या एखाद्या गनस्मिथच्या टेबलावर आली की मालकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. गनस्मिथ आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करतो. डोळ्यांनी आणि बोट घालूनही. मग नळी उतरवतो. आकडा त्यानंतर. नळीच्या बुडाशी जे दिसतं, त्यावर बरंच काही ठरतं.

विंचेस्टरचं मॉडेल १२ घ्या. १९१२ ते १९६४ या काळात ते नियमित बनत होतं. सुमारे वीस लाख बंदुका निघाल्या. मॅगझिनची नळी पाव फेरा फिरवून पुढे ओढली की बंदुकीची नळी आणि पुढची मूठ मिळून पाव फेऱ्यात सुटी होते. काम देखणं, पण या बंदुकीचा बोल्ट वर उचलला जाऊन रिसीव्हरच्या छतात अडकतो. त्यामुळे नळी आणि रिसीव्हर यांची जोडी कारागिराला जुळवावी लागते. दुसऱ्या मॉडेल १२ची नळी फिरवून बसली, तरी बोल्ट आणि काडतुसाच्या बुडातलं अंतर गेजने मोजल्याशिवाय ती वापरू नये.

रेमिंग्टनने १९५०मध्ये ८७० आणली ती जुळवणीचा हा खर्च टाळूनच. तिचा बोल्ट थेट नळीच्या मागच्या वाढीव भागात अडकतो. ते महत्त्वाचं अंतर नळी आपल्याबरोबरच घेऊन येते, म्हणून नवी नळी घरच्या घरी बदलता येते. मोठी सोय ही, आणि अभियांत्रिकी म्हणून मला सुंदर वाटणारीही.

सोयीला मर्यादा आहेत. तीन इंची चेंबरची नळी पावणेतीन इंची रिसीव्हरवर बसते. पण त्या बंदुकीत तीन इंची काडतूस घालू नये, कारण रिसीव्हर आणि इजेक्टर त्या लांबीचे नसतात. साडेतीन इंची सुपर मॅग्नमचा संसार वेगळाच. वीस बोअरमध्ये सुरुवातीची मोठी चौकट आणि नंतरची हलकी चौकट यांच्या नळ्या एकमेकींना चालत नाहीत. इतर पंप बंदुकांतही अशीच मर्यादा: मॉसबर्ग ५०० आणि मॅव्हरिक ८८ यांच्या नळ्या बहुधा जुळतात, चापाचा संच मात्र नाही. सेफ्टीची जागाच निराळी.

किमतीचं गणित इथूनच निघतं. ८७०चा कोटीवा नग २००९मध्ये बनला. सुटे भाग मुबलक, म्हणून ती कामाची बंदूक म्हणून विकली जाते. तिच्या चकचकीत विंगमास्टर आवृत्तीला १९८७मध्ये आलेल्या साध्या एक्सप्रेसपेक्षा जास्त भाव, इतकंच. मॉडेल १२मध्ये संग्राहक अस्पर्श जोडी शोधतो. अठ्ठावीस बोअरची दुर्मीळ बंदूक असली, तरी पुन्हा निळं पॉलिश केलेलं, दस्ता कापून रबरी पॅड लावलेला किंवा नळीच्या तोंडाशी कट्स कॉम्पेन्सेटर बसवलेला दिसला, की भाव पडतो. कापलेली नळी परत वाढत नाही.

८७० खोलायची तर मॅगझिनची टोपी काढून नळी पुढे ओढायची, दोन पिना ढकलून चापाचा संच खाली उतरवायचा. मग रिसीव्हरच्या आतली डावी खिट्टी दाबून मूठ पुढे घेतली की बोल्ट हातात येतो. परत बसवताना क्रम उलटा: आधी उजवी खिट्टी दाबायची, मग डावी.