हवेने कापलेलं लोखंड

माणदेशाचं धातूशी नातं जुनं आहे. माण, आटपाडी, खानापूर भागातली माणसं दुष्काळात घर सोडून देशभर गेली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात त्यांनी नाव कमावलं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला, तोही शेजारच्याच टापूत. म्हसवडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये संगणकाच्या आखणीने धातू कापणारं सीएनसी प्लाझ्मा मशीन चालू होतं, तेव्हा मला ते या परंपरेतलंच वाटतं.

गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये जळत जातं. म्हणून त्या पद्धतीने साधं लोखंड कापता येतं. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम कापता येत नाही. प्लाझ्मा धातू वितळवतो. टॉर्चमधल्या, म्हणजे कापणाऱ्या तोटीमधल्या, तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा बारीक ठिपका असतो. तिथून प्लेटपर्यंत विजेची ज्योत पेटते, दाबाखालची हवा तिला नोझलच्या बारीक भोकातून रेटते आणि तापमान वीस हजार अंशांच्या आसपास जातं. वितळलेला धातू तीच हवा खाली उडवून देते. ज्यातून वीज वाहते, तो प्रत्येक धातू असा कापता येतो. अमेरिकेत 1950 च्या दशकात निघालेलं हे तंत्र आज आमच्यासारख्या गावात चालतं.

संगणक टॉर्चला आखलेल्या वाटेने नेतो. पण ती वाट आखावी लागते आपल्यालाच. काप दीड-दोन मिलिमीटर रुंद पडतो, तेवढं माप आधीच धरायचं. नोझलमध्ये हवा गोल फिरत येते, त्यामुळे टॉर्चच्या चालीत उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची जराशी तिरकी. म्हणून जॉबची बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापायची, आतलं भोक उलट दिशेने. भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. नाहीतर सुटलेला तुकडा हलतो. तापून प्लेट वर उचलली, तर ज्योतीचं व्होल्टेज बदलतं. त्यावरून मशीन टॉर्चची उंची सावरतं. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी राहिलं की इलेक्ट्रोड आणि नोझल लवकर जातात. म्हणून सकाळी आधी टाकीतलं पाणी सोडायचं, मग मशीन चालू करायचं. जस्ताचा पत्रा कापताना धुराकडे दुर्लक्ष करायचं नाही. त्याने अंगात ताप भरतो. डोळ्यांवर काळी काच हवीच.

या मशीनवर नांगराच्या पट्ट्या, ट्रॉलीच्या हुकाच्या प्लेटा, शेडच्या खांबांच्या बेसप्लेटा, पाइपलाइनच्या फ्लँज, देवळाच्या गेटची नक्षी असं सगळं निघतं. खरा फायदा पेरणीच्या तोंडावर कळतो. अवजाराची प्लेट तुटली की तिचं माप घेऊन चित्र काढायचं. तसाच तुकडा लगेच मिळतो आणि चित्र जपून ठेवलं, तर पुढच्या वर्षीही भोकाला भोक जुळतं. जिथे पाऊस चार दिवसांचा असतो, तिथे सुट्या भागासाठी सांगली-कोल्हापूरची खेप वाचली, तर वाफसा हातचा जात नाही.

आयटीआय झालेल्या इथल्या मुलांना मी आग्रहाने सांगतो, बटण दाबायला कोणीही शिकेल. तुम्ही चित्र काढायला आणि कापाची कड वाचायला शिका. खाली चिकटलेला बर (गोठलेला धातू), कडेवरच्या रेघांचा कल यांवरून चाल हळू झाली की जलद, हे कळतं. धातूचं काम जाणणाऱ्या या मातीतल्या पोरांना आता त्यासाठी गाव सोडायची गरज उरू नये.