तिरकी रेघ

अहिल्यानगर जिल्ह्यात तिचा जुना मुक्काम सातबाऱ्यावर. गट नंबर 112/1/2, म्हणजे आधी गट, मग हिस्सा, मग पोटहिस्सा. भावाभावांत रान वाटले गेले की ती आणखी एकदा उमटते.

संगणकातही तिने हेच काम पत्करले. युनिक्समध्ये 1970 च्या दशकापासून ती एका फोल्डरातून आतल्या फोल्डरात नेते: जिल्हा/राहुरी/उतारे. स्वभाव करारी. फाइलच्या नावात ती साधे अक्षर म्हणून राहत नाही. गट नंबर जसाच्या तसा फाइलला दिला, की ती 112 नावाचा फोल्डर शोधायला निघते. तो नसतो आणि काम अडते.

प्रोग्रॅममध्ये अधिकचे चिन्ह वापरून नावे चिकटवताना ती राहून गेली, तर 'जिल्हा' आणि 'राहुरी' यांचे 'जिल्हाराहुरी' होते. संगणक तक्रार करत नाही, त्या भलत्याच नावाने फाइल लिहून मोकळा होतो. ही चूक सर्वांत वाईट, कारण ती दिसत नाही. पायथन भाषेतले जॉइन हे फंक्शन रेघ नेमकी बसवते. पथ्य एकच: पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीलाच ती असेल, तर जॉइन मागचा सगळा रस्ता टाकून देते. 2014 मध्ये पायथनमध्ये आलेल्या पाथलिबने तिलाच जोडणीचे चिन्ह केले. हा मान तिचाच होता.

तिची उलटी बहीण विंडोजकडे असते. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत उपफोल्डर नव्हते आणि सरळ रेघ आज्ञांच्या पर्यायांत गुंतलेली होती. 1983 च्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा उलटीला बोलावले गेले. प्रोग्रॅमच्या मजकुरात मात्र ही उलटी पुढच्या अक्षराला फितवते. आपले तालुके रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहून पाहा. नगर आणि नेवासा यांच्या 'एन'ला धरून ती ओळ तोडते, राहुरी आणि राहाता यांच्या 'आर'ला धरून कर्सर ओळीच्या आरंभी नेते, अकोले तालुक्याच्या 'ए'ला धरून घंटा वाजवते. कोपरगावच्या 'के'पुढे तिचे काही चालत नाही.

2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुने नाव ओळीओळीत चिकटवलेले असेल, तर फोल्डरचे नाव बदलताच ती प्रत्येक ओळ हुडकावी लागते. तेव्हा जिल्ह्याचे नाव एकाच जागी लिहा, जोडणी जॉइनवर सोपवा, आणि गट नंबरातल्या रेघेच्या जागी फाइलच्या नावात डॅश घाला.