दोनशे रुपयांचा रस्ता

प्रवासवर्णन म्हटले की हिमालय हवा, केरळचे जलमार्ग हवेत, निदान गोव्याचा समुद्रकिनारा तरी हवा, असा वाचकांचा रास्त आग्रह असतो. मी मात्र या दिवाळीला आपणांस तासगाव तालुक्यातील एका रस्त्यावर नेणार आहे. हा रस्ता फार तर चार मैलांचा. त्याच्या कडेला किल्ला नाही, लेणी नाहीत, आणि बाभळीखेरीज सावलीही नाही. परंतु आपणांपैकी पुष्कळजण त्याचे थोडेथोडे मालक आहेत, हे मला तेथे गेल्यावर कळले.

गोष्ट सुरू होते पगाराच्या कागदापासून. त्यावर 'व्यवसायकर' नावाचा एक रकाना असतो. दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत, महिना सर्वांत लहान म्हणूनच की काय, 300. वर्षाचे अडीच हजार. एकदा जेवताना मी कुरकुरलो, "या पैशांचे होते तरी काय?" आई वाढत होती. म्हणाली, "आमच्या रोजगार हमीसाठी बसवला होता तो कर." आणि आमटीचे भांडे घेऊन आत निघून गेली.

त्यातला 'आमच्या' हा शब्द माझ्या घशात अडकला. मराठीचा अध्यापक असल्यामुळे सर्वनामांच्या बाबतीत मी जरा हळवा आहे. आई माहेरच्या विहिरीविषयी बोले, जत्रेविषयी बोले. पण 1972 च्या दुष्काळाचा विषय निघाला की तिला हटकून स्वयंपाकघरात काम आठवे. लग्नानंतर ती पुण्यात आली, ती नोकरदारांच्या आळीत. तेथे 'मी खडी फोडली आहे' असे सांगायला तिला कोणी मनाई केली नव्हती. पण कोणी विचारलेही नव्हते, आणि त्या न विचारणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून गेल्या एप्रिलात आम्ही दोघे निघालो. मिरजेपर्यंत आगगाडी, पुढे एस. टी. बसमध्ये आईचे तिकीट अर्धे, माझे पूर्ण. याचा तिला फार आनंद झाला. तासगाव मागे पडले आणि दोन्ही अंगांनी द्राक्षांचे मांडव सुरू झाले. मधूनच बेदाण्याच्या शेडी दिसत. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे सुकत होती आणि वाऱ्याला एक आंबूस-गोड वास येत होता. हा मुलूख दुष्काळी, असे सांगितले तर कोणाला खरे वाटू नये.

याच तालुक्यातील विसापूर येथे 1965 साली एक प्रयोग झाला. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. विचाराने सर्वोदयी. खेड्यातील ज्याला काम हवे त्याला ते मिळालेच पाहिजे, आणि ते दान म्हणून नव्हे तर हक्क म्हणून, असा त्यांचा आग्रह. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना तो पटला आणि 1972 साली सरकारने योजना राज्यभर स्वीकारली. पण तोच तो भीषण दुष्काळ. योजना बाजूला राहिली आणि दुष्काळी कामांचा पूर लोटला. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लक्ष माणसे या कामांवर होती. एवढ्या मोठ्या संख्येचे चित्र डोळ्यांसमोर आणता येत नाही. मला एवढेच दिसते, की त्यांत चौदा वर्षांची एक मुलगी होती.

रस्ता आला तेव्हा आईने मला थांबवले. पुण्यात इतकी वर्षे काढलेली तिची भाषा तासगाव सोडताच बदलली होती. "ह्यो बघ. ह्या वढ्यापासनं त्या टेकापत्तोर आमची टोळी हुती." हातात हातोडी, बोटांना फडक्याच्या चिंध्या, समोर दगडांचा ढीग. मुकादम हजेरीपटावर नाव घाली. आईचे वय वाढवून लिहिले होते. दुपारी सुकडी मिळे. ती ओच्यात बांधून धाकट्या भावाला घरी न्यायची. "ग्वाड लागायची?" असे मी तिच्याच बोलीत विचारले, तर ती हसली. "भूक लागलेली असायची," एवढेच म्हणाली.

दुष्काळ सरला, पण काम संपले नाही. 1975 साली तो व्यवसायकर बसला. पैसा मुख्यतः शहराने द्यावा आणि खेड्यात काम निघावे, अशी ती तजवीज. 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम; पंधरा दिवसांत न दिल्यास बेकारभत्ता. अमेरिकेतही 1935 नंतर रूझवेल्टच्या कारकीर्दीत सुमारे 85 लक्ष बेकारांना सरकारी कामे मिळाली. पण ते कार्यक्रम होते, आज आहेत आणि उद्या नाहीत. काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिला तो महाराष्ट्राने, आणि देशाने तो उचलला 2005 साली.

सारेच गोड होते असे नाही. खोटी नावे लागली, पगार महिनामहिना लांबले, फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणी तसेच पडून राहिले. आईलाही एका पाझर तलावावरचे तीन आठवड्यांचे पैसे अजून यायचे आहेत! तो तलाव रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. एप्रिलात तो कोरडाच होता आणि तळाशी गाळाच्या खपल्या निघाल्या होत्या. माझा चेहरा पाहून आईने बांधाखालच्या विहिरीकडे बोट केले. तिच्यात पाणी होते. तलावाने पाणी धरून ठेवायचे नसते, झिरपू द्यायचे असते, हे मला तिने समजावले. विहिरीलगत डाळिंबाची बाग होती. 1990 च्या सुमारास फळबागाही रोजगार हमीत आल्या, त्या वेळी लावलेली पहिली झाडे केव्हाच गेली, ही त्यांच्यानंतरची.

बांधावर आई बराच वेळ बसली. "बायाच जास्त हुत्या," ती म्हणाली. "बाप्यांइतकाच दर. घरात पैला पैसा माझ्या हातनं आला." मग थोड्या वेळाने, पुण्याच्या भाषेत, "तुझ्या बाबांना सांगितलं होतं मी. बाकी कुणाला नाही."

परतीची बस त्याच रस्त्याने होती. आता त्यावर डांबर आहे, आणि डांबरात खड्डेही आहेत. एका दणक्याने सारी बस उडाली तेव्हा कंडक्टर रस्ता करणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडू लागला. आई त्याच्याकडे वळली.

"खालची खडी नीट बसवलेली आहे, बाळा," ती म्हणाली. "वरचं कुणी केलं ते मला ठाऊक नाही."