आतला आवाज

बी.ए.च्या वर्गात ‘अंतर्नाद’ हा शब्द समजावताना आम्हां वर्ध्याच्या प्राध्यापकांना उदाहरण शोधावे लागत नाही. १९३३च्या मे महिन्यात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचा उपवास आरंभला, तो आतल्या आवाजाच्या आज्ञेवरून, असे ते सांगत. पुढे १९३६ साली ते आमच्या सेवाग्रामला राहायला आले. मुले भारावून ऐकतात.

दादाला आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा मीही असाच भारावलो होतो. तो कविता करीत असे. संवेदनशील मनाला असे होत असावे, अशी मी समजूत करून घेतली. त्या समजुतीत दोन वर्षे गेली. एका रात्री तो म्हणाला, “थे मले झोपू नाही देत.” त्या वाक्यात रूपक नव्हते.

निदान स्किझोफ्रेनियाचे झाले. औषधांनी संशय ओसरला. आवाज मात्र राहिले. तेव्हा डॉक्टरांनी चुंबकीय उत्तेजनाचा पर्याय सुचविला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फॅरेडेने १८३१ साली दाखविले. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वावर कवटी न उघडता मेंदू उत्तेजित केला. पुढे येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूस, भाषा ऐकण्या-समजण्याशी निगडित भागावर, सेकंदाला एक या संथ गतीचे स्पंद देऊन आवाज शमविण्याचा प्रयत्न केला. आरंभीचे निष्कर्ष आशादायक होते. नंतरच्या चाचण्यांनी ती आशा बरीच मर्यादित केली. डॉक्टरांनी हे लपविले नाही. औषधे चालूच ठेवायची होती.

भूल नाही, झटका नाही. दादा खुर्चीत जागा बसे. यंत्राची टकटक मोठी, म्हणून त्याच्या कानांत बोळे घालीत. बाहेरचा आवाज अडवून आतल्या आवाजावर चाललेला तो उपचार मी शेजारी बसून पाहत असे.

आवाज गेले नाहीत. काही आठवडे ते ‘शेजारच्या खोलीत’ गेले, असे दादा म्हणे. मग परत आले. पण त्या आठवड्यांत तो झोपला, आणि हे दुखणे आहे, आपला दोष नव्हे, हे त्याला पटले. मलाही.

अंतर्नाद मी आजही शिकवतो. मात्र तास संपल्यावर एखादा विद्यार्थी मागे रेंगाळून “सर, मलाही ऐकू येतो,” म्हणाला, तर मी भारावत नाही. त्याला बसवून घेतो आणि विचारतो, “तो तुला झोपू देतो का?”